त्यांनी नळी सोडली नाही, म्हणून 'कुबेर'ची खबर घरी पोचली



आज २६ नोव्हेंबर. दरवर्षी या दिवशी आपल्या पानावर एक फोटो, एक दिवा आणि 'विनम्र अभिवादन' असे दोन शब्द टाकले जातात. आपण सगळे खाली हात जोडतो आणि पुढे बाजारभाव बघायला जातो. यंदा जरा थांबून सविस्तर लिहायचं ठरवलं. त्याला कारण झालं जेटीवरचं एक बोलणं.

परवा संध्याकाळी बर्फ भरायचं काम चाललं होतं. एक विशीतला खलाशी मोबाईलवर जुना व्हिडिओ बघत होता. त्याने विचारलं, "काका, हे ओंबळे म्हणजे नेमके कोण? आपल्या लोकांचा आणि त्यांचा काय संबंध?" बाजूला जाळं सांधत बसलेले जुने तांडेल मान वर न करता म्हणाले, "संबंध आहे रे बाबा. पाच खलाशांचं काय झालं ते त्यांच्या घरच्यांना कळलं, ते या माणसामुळे."

पोरगा गप्प झाला. खरं सांगायचं तर आम्हीही गप्प झालो. इतकी वर्षं आपण ओंबळेंना पोलिसांचे हुतात्मा म्हणून नमस्कार करतो. पण ते आपले, दर्यावर जाणाऱ्यांचेही कसे लागतात, हे कधी नीट मांडलंच नव्हतं. ते आज मांडतो. वाचायला दहा मिनिटं लागतील. शांतपणे वाचा, आणि बोटीवरच्या पोरांनाही वाचून दाखवा.

आधी 'कुबेर'ची गोष्ट

नोव्हेंबर २००८. गुजरातमधल्या पोरबंदरहून 'कुबेर' नावाची मासेमारी बोट नेहमीप्रमाणे दर्यात गेली होती. बोटीवर एकूण पाच माणसं. तांडेल अमरसिंह सोळंकी आणि चार खलाशी. आपल्या बोटी जातात तशीच. डिझेल, बर्फ, शिधा भरायचा, देवाला नारळ वाढवायचा आणि निघायचं. मालक किनाऱ्यावर, माणसं पाण्यावर.

२३ नोव्हेंबरला भर समुद्रात त्यांना दुसरी एक बोट दिसली. तिचं नाव 'अल हुसैनी'. कराचीहून निघालेले दहा शस्त्रधारी दहशतवादी तिच्यावर होते. पुढे कसाबने जो कबुलीजबाब दिला, त्यात ही गाठ कशी पडली ते आलं आहे. त्या लोकांनी इंजिनचा तुटलेला पट्टा दाखवला. म्हणजे, आमची बोट बंद पडली आहे, मदत करा.

आता आपण सगळे दर्यावरचे आहोत. इंजिनचा पट्टा तुटला म्हणून कोणी हात केला तर आपण काय करतो? बोट वळवतो. समोरचा कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, कुठल्या भाषेचा, हे आपण विचारत नाही. आज त्याचा पट्टा तुटला, उद्या आपला तुटेल. दर्यावरचा हा कायदा कुठे लिहिलेला नाही. बापाने मुलाला सांगितलेला आहे. 'कुबेर' जवळ गेली आणि ते लोक तिच्यावर चढले.

चार खलाशांना 'अल हुसैनी'वर नेलं आणि मारलं. तांडेलला मात्र जिवंत ठेवलं, कारण त्यांना मुंबईची वाट हवी होती. मानेवर बंदूक ठेवून अमरसिंह सोळंकींकडून तीन दिवस बोट हाकवून घेतली. आपली चार माणसं गेली हे त्यांना त्या वेळी माहीत होतं का, शेवटी आपलं काय होणार याची कल्पना आली होती का, हे आपल्याला कधीच कळणार नाही. २६ तारखेला मुंबई जवळ आली, त्यांचं काम संपलं, आणि त्यांनाही बोटीवरच ठार मारलं.

दहाही जण रबरी होडीत उतरले. 'कुबेर' बुडवून टाकायची असं त्यांना बजावलेलं होतं. पण एक बोट जवळ येताना दिसली. ती नौदलाची असावी असं वाटून ते घाईघाईने निघाले. बोट तशीच तरंगत राहिली. त्यांचा सॅटेलाइट फोन आणि जीपीएसही त्यातच राहिलं. दुसऱ्या दिवशी तटरक्षक दलाला 'कुबेर' सापडली. आत तांडेलचा मृतदेह होता. बाकीच्या चौघांचा पत्ता नव्हता.

इथे क्षणभर थांबा आणि विचार करा. बोट सापडली आहे. तांडेल मेलेला आहे. चार खलाशी गायब आहेत. त्याच बोटीतून आलेल्या लोकांनी मुंबईत रक्ताचा सडा घातला आहे. अशा वेळी पहिला संशय कोणावर जातो? मासेमारी करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. "खलाशी फितूर झाले असतील", "पैसे घेऊन वाट दाखवली असेल" असं बोलायला लोकांना वेळ लागत नाही. आणि गेलेला माणूस उठून उत्तर देऊ शकत नाही.

मच्छीमार नगरात कोणी विचारलं

ती होडी किनाऱ्याला लागली तीसुद्धा आपल्याच माणसांच्या वस्तीत. कफ परेडला बधवार पार्कसमोर मच्छीमार नगर आहे. रात्रीचे नऊ वाजायला आले होते. त्या दिवशी कटकला भारत-इंग्लंड सामना होता, त्यामुळे बरेच लोक टीव्हीसमोर होते. तरीही वस्तीतल्या काही जणांच्या नजरेतून ती होडी सुटली नाही. पाठीवर जड पिशव्या, अंगावर नवे कपडे, हातात वल्हं धरायची सवय नाही. ही दर्यावरची माणसं नव्हेत, हे कोळ्याला कळायला किती वेळ लागतो? विचारलं, तर उडवाउडवीची उत्तरं मिळाली. थोड्याच वेळात ते दहा जण जोड्या करून शहरात पांगले.

पुढे खटला चालला तेव्हा याच वस्तीतल्या माणसाने न्यायालयात उभं राहून साक्ष दिली, कसाबला ओळखलं. पोटापाण्याच्या धंद्यातला साधा माणूस, पण डगमगला नाही. हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

गिरगाव चौपाटीवरची नाकाबंदी

आता ओंबळेंकडे येऊ.

तुकाराम ओंबळे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. डोंगराळ मुलूख, थोडी शेती, आणि घरटी एखादा माणूस फौजेत नाहीतर मुंबईत, असा तो भाग. ओंबळेही आधी लष्करात होते. तिथली नोकरी पूर्ण करून १९९१ मध्ये ते मुंबई पोलिसांत आले. म्हणजे एकदा देशाची चाकरी करून झालेला माणूस पुन्हा दुसऱ्या चाकरीला उभा राहिला. घरी पत्नी आणि चार मुली. २००८ साली ते डॉ. दा. भ. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते. पोलीस खात्यात हा मोठा हुद्दा नाही. रात्रपाळी करणारा, नाक्यावर उभा राहणारा, मोर्च्याला आणि विसर्जनाला बंदोबस्त करणारा हा माणूस.

त्या रात्री कसाब आणि त्याचा साथीदार अबू इस्माईल यांनी आधी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसांवर गोळ्या झाडल्या. तिथून ते कामा रुग्णालयाकडे गेले. रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी आणि त्यांच्याबरोबरचे पोलीस मारले गेले. मग त्यांनी पोलिसांचीच गाडी पळवली. पुढे ती सोडून एक चंदेरी स्कोडा गाडी हिसकावली आणि मरीन ड्राइव्हने गिरगाव चौपाटीच्या दिशेने निघाले.

वायरलेसवर संदेश आला. चौपाटीवर नाकाबंदी लावलेली होती. तिथे उभे असलेले सगळे जवळच्याच पोलीस ठाण्याचे. काहींकडे पिस्तुलं होती, बाकीच्यांच्या हातात काठ्या. ओंबळेंच्या हातातही काठीच होती. समोरून येणाऱ्यांकडे एके-४७ होत्या आणि तासाभरापूर्वी त्यांनी काय केलं ते वायरलेसवर सगळ्यांनी ऐकलं होतं.

मध्यरात्र उलटून गेली होती. स्कोडा आली आणि नाकाबंदीच्या थोडं अलीकडे थांबली. चालवणाऱ्याने गाडीचे मोठे दिवे तसेच चालू ठेवले, काचेवर पाणी मारून वायपर सुरू केले, म्हणजे आत कोण बसलंय ते दिसू नये. मग गाडी वळवून पळायचा प्रयत्न केला. ती दुभाजकावर चढली आणि अडकली. इस्माईलने गोळीबार सुरू केला. पोलिसांनी उलट गोळ्या झाडल्या, त्यात तो मेला. डाव्या बाजूने कसाब बाहेर आला, हातात एके-४७.

ओंबळे पुढे झाले. त्यांनी दोन्ही हातांनी बंदुकीची नळी धरली.

कसाबने चाप ओढला. गोळ्या ओंबळेंच्या पोटात गेल्या. पण हात सुटले नाहीत. नळी त्यांच्या अंगाकडे वळलेली राहिली, म्हणून मागून धावून आलेल्या सहकाऱ्यांकडे गोळ्या गेल्या नाहीत. तेवढ्या वेळात बाकीच्या पोलिसांनी काठ्यांनी कसाबला जमिनीवर पाडलं आणि जिवंत पकडलं. एक अधिकारी जखमी झाले. ओंबळे मात्र गेले.

हा सगळा प्रकार काही क्षणांचा. तेवढ्या वेळात माणूस विचार करत नाही, त्याच्या हाडात जे मुरलेलं असतं ते करतो. तुफानात शीड फाटलं, दोर हाताचं कातडं सोलून निघाला, तरी तांडेल दोर सोडत नाही. का सोडत नाही? कारण सोडला तर मागे उभ्या पोरांचं काय होईल, ते त्याला ठाऊक असतं. ओंबळेंनी तेच केलं.

जिवंत पकडल्याने काय झालं

त्या हल्ल्यात १६६ माणसं मारली गेली. दहा हल्लेखोरांपैकी नऊ मेले. जिवंत हाती लागला तो एकच.

तो एकजणही मेला असता तर? मग बोट कुठून निघाली, माणसं कुठून आली, शिकवलं कोणी, पाठवलं कोणी, यावर नुसता वाद होत राहिला असता. पण तो जिवंत होता. तो कोण, कुठल्या गावचा, ते समोर आलं. त्याच्यावर रीतसर खटला चालला. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाच्या आवारातच खास न्यायालय उभारलं गेलं. कसाबला वकील दिला गेला. शेकडो साक्षीदार तपासले गेले. ६ मे २०१० रोजी फाशीची शिक्षा झाली. ती आधी उच्च न्यायालयाने आणि मग २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात ती अमलात आली. रागाच्या भरात नाही, पुरावा तपासून. हे होऊ शकलं ते चौपाटीवर कोणीतरी नळी धरून ठेवली म्हणून.

आणि आता आपल्या तांडेलकाकांच्या बोलण्याकडे या. 'कुबेर'वरच्या चौघांचं काय झालं, हे सांगू शकेल असा आपल्या हाती दुसरा कोण होता? तांडेल मेलेला. 'अल हुसैनी' निघून गेलेली. समुद्र काही बोलत नाही. कसाबच्या तोंडूनच बाहेर आलं की 'कुबेर' फसवून धरली गेली, खलाशांना मारलं गेलं, तांडेलकडून जबरदस्तीने बोट हाकवून घेतली गेली. ती माणसं फितूर नव्हती. ती मदतीला गेली होती आणि मारली गेली, हे न्यायालयाच्या निकालात कायमचं लिहिलं गेलं.

आपला माणूस परत येणार नाही, हे दुःख मोठंच. पण आपला माणूस गुन्हेगार नव्हता, हे गावात ताठ मानेने सांगता येणं याची किंमत ज्याच्या घरावर वेळ येते त्यालाच कळते. पाच घरांना ती ताठ मान साताऱ्याकडच्या एका सहायक फौजदाराने मिळवून दिली. त्याची 'कुबेर'वाल्यांशी ना ओळख ना देख. म्हणून म्हटलं, ओंबळे आपलेही लागतात.

पहारा देणारी माणसं

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. या खटल्याची चार वर्षं कसाब तुरुंगात होता. त्याला पळून जाऊ द्यायचं नाही, कोणाला त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही आणि त्याच्या जिवालाही काही होऊ द्यायचं नाही, हे काम तिथल्या पहारेकऱ्यांनी केलं. ज्याने आपल्या खात्याची माणसं मारली त्यालाच दोन वेळ जेवण द्यायचं, आजारी पडला तर डॉक्टर बोलवायचा. हे सोपं नाही. त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही.

तुरुंगातल्या शिपायाची आठवण लोकांना होते ती काही वाईट घडलं तरच. भोपाळच्या मध्यवर्ती कारागृहात २०१६ साली ऐन दिवाळीच्या रात्री असंच घडलं. आपण घराघरांत फराळ करून निजलो होतो तेव्हा रमाशंकर यादव नावाचे हवालदार तिथे पहाऱ्यावर होते. आठ कैदी कोठडीतून निसटले. त्यांनी यादवांना ठार मारलं, चादरींच्या आधाराने भिंत ओलांडली आणि पसार झाले. यादवांच्या मुलीचं लग्न महिन्या-दीड महिन्यावर आलेलं होतं. पुढे त्या कैद्यांचं काय झालं, यावर खूप चर्चा झाली, चौकशीही बसली. पण चर्चेच्या गदारोळात दिवाळीच्या रात्री घर सोडून पहाऱ्याला गेलेला माणूस मागे पडला.

नाक्यावरचा ओंबळे, तुरुंगातला यादव, दर्यावरचा सोळंकी. तिघांच्या कामात एक सारखेपणा आहे. ते सणासुदीला घरी नसतात. त्यांचं काम नीट चाललं तर कोणाला दिसत नाही. आणि संकट आलं की त्यांच्या हातात काठी असते, नाहीतर नुसतं सुकाणू. आपल्यातले निम्मे लोक गणपती सोडले तर कुठला सण घरी करतात? म्हणून ही माणसं आपल्याला जरा जास्त कळायला हवीत.

सन्मान झाला, आणि काय राहिलं

ओंबळेंना २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर अशोक चक्र दिलं गेलं. रणांगणाबाहेर दाखवलेल्या शौर्यासाठी यापेक्षा मोठा सन्मान आपल्या देशात नाही. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. मुंबईला कधी गेलात, ससून डॉक किंवा क्रॉफर्ड मार्केटचं काम उरकलं, की थोडा वेळ काढून तिथे जा. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला त्यांचं नाव दिलं, 'आयसियस तुकारामी'. कोळी म्हणजे इथे कीटकांचा शत्रू बरं का, आपल्यातला नव्हे! पण योगायोग बघा, नाव लागलं तेही कोळ्यालाच.

'कुबेर'च्या खलाशांच्या नावाचा मात्र कुठे पुतळा नाही. त्यांच्या घरच्यांना भरपाईसाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले. त्यातला मोठा अडसर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. समुद्रात हरवलेल्याचा मृतदेह मिळाला नाही तर मृत्यूचा दाखला मिळत नाही. कायद्याने साधारणपणे सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तेव्हा तो मेला असं धरतात. दाखला नाही म्हणून विमा नाही, बँकेतले पैसे नाहीत, जमिनीवर नाव चढत नाही. बाईने कुंकू ठेवायचं की पुसायचं, हेसुद्धा तिला कोणी सांगत नाही.

हे आपल्या दारातलं दुखणं आहे. म्हणूनच या दिवशी नुसते हात जोडून उठण्यापेक्षा काही कामं करून उठूया.

या आठवड्यात करायच्या पाच गोष्टी

एक. बोट सुटण्याआधी बोटीवरच्या प्रत्येक माणसाची यादी किनाऱ्यावर ठेवा. नाव, गाव, घरचा फोन, ओळखपत्राची प्रत आणि ताजा फोटो. एक प्रत मालकाकडे, एक संस्थेत. आपल्या गोव्यातल्या मालीम, वास्को, कुटबण, शापोरा या जेट्यांवरच्या कितीतरी बोटींवर खलाशी ओडिशा, झारखंड, कर्नाटक, आंध्रातले असतात. वाईट वेळ आली तर त्यांच्या घरी कोणाला फोन लावायचा, हे मालकाला माहीत नसेल तर ते पाप आपलं आहे. शेवटच्या क्षणाला एखादा खलाशी बदलला तर यादीही बदला.

दोन. ओळखपत्र बोटीवर असू द्या, घरी कपाटात नको. २००८ नंतर मच्छीमारांसाठी बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, बोटींना राज्यवार रंग ठरले, वीस मीटरपेक्षा लांब बोटींना एआयएस यंत्र लागलं. आपण वैतागतो. "दर्या आमचा आणि ओळख आम्हीच द्यायची?" असं म्हणतो. तपासणीत वेळ जातो, मासळी खराब होते, हे खरं आहे आणि त्याबद्दल आपण बोलत राहूच. पण ते कार्ड आपल्याला त्रास द्यायला नाही. 'कुबेर'सारखी आपली बोट कोणी पळवली तर खरा खलाशी कोण आणि चोर कोण, ते सांगणारा पहिला कागद तोच आहे.

तीन. विमा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी अपघात विमा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये. बाहेरून आलेल्या खलाशाचं नाव त्यात आहे का, ते मालकांनी बघावं. वारसाचं नाव बरोबर लागलंय का, तेही बघावं.

चार. नंबर पाठ करा. समुद्रात संकट आलं तर तटरक्षक दलाचा १५५४. काही संशयास्पद दिसलं तर सागरी पोलिसांचा १०९३. हे दोन आकडे केबिनमध्ये रंगाने मोठे लिहून ठेवा. फोनला रेंज नसते, म्हणून व्हीएचएफ चालू आणि चॅनल १६ वर हवा. बॅटरी वाचवायला व्हीएचएफ बंद ठेवण्याची सवय वाईट.

पाच. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मदत करणं सोडू नका. 'कुबेर'ची गोष्ट ऐकून काही तरुण पोरं म्हणतात, "म्हणजे आता कोणी हात केला तर थांबायचं नाही!" असं करू नका. दर्यावर एकमेकांना सोडायला लागलो तर उद्या आपल्या पोरांना कोण वाचवणार? फक्त रीत थोडी बदला. बोट बंद पडलेली दिसली की आधी व्हीएचएफवरून सांगा, आपली जागा कळवा, जवळ दुसरी ओळखीची बोट असेल तर तिला बोलवा आणि मग दोघे मिळून जा. बोट अनोळखी असेल, रंग-नंबर जुळत नसेल, माणसं दर्यावरची वाटत नसतील तर लांबूनच विचारपूस करा आणि खबर द्या. मदतही होईल आणि आपली माणसंही सुखरूप राहतील.

शेवटी

मघाशी सांगितलेला तो विशीतला खलाशी, तो ओडिशाचा आहे. मराठी तोडकं बोलतो. तांडेलकाकांनी त्याला ही गोष्ट अर्धी मराठी, अर्धी हिंदी करून सांगितली. पोराने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काका, उन्होंने बंदूक क्यों पकड़ी? हट जाते तो बच जाते." तांडेलकाका जाळ्यातली गाठ आवळत म्हणाले, "हां, हट जाते. फिर पीछे वाले?" आणि पुन्हा कामाला लागले.

आज रात्री बोटी सुटतील. नाक्यावर, तुरुंगाच्या भिंतीवर, सागरी पोलिसांच्या गस्ती नौकेवर कोणीतरी जागं असेल. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. आपल्या पोरांची नावं त्यांना माहीत नाहीत. तरीही एकमेकांवर भरवसा ठेवूनच दोघांचं चाललंय.

आज देवापाशी दिवा लावताना एक वात जास्त लावा. एक तुकाराम ओंबळेंसाठी, आणि त्याच दिव्यात 'कुबेर'च्या तांडेलसाठी आणि त्याच्या चार खलाशांसाठी. उद्या सकाळी खलाशांची यादी संस्थेत आणून द्या. आणायला जमत नसेल तर फोटो काढून पाठवा. आम्ही वहीत उतरवून घेऊ.

सर्व हुतात्म्यांना विनम्र अभिवादन.

दर्या शांत राहो, बोटी सुखरूप परत येवोत.